रत्नागिरीजवळची खाजगी डे-स्कूल, अभ्यास आणि आउटडोअर दोन्ही. मुलीला पाचवीत घालू का?

खाडीकाठची आई
नमस्कार, मुलगी चौथीत आहे, गावातल्या झेडपी शाळेत. बाई फार मायेने शिकवतात पण शाळा चौथीपर्यंतच. बारा-तेरा किलोमीटरवर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, एक खाजगी शाळा आहे, हॉस्टेल नाही, सकाळी बसने जायचं आणि चारला घरी, सीबीएसई आहे, अभ्यास कडक म्हणतात आणि आठवड्यातून दोनदा दुपारनंतर मुलांना बाहेर नेतात, किनारा, डोंगर, शेती वगैरे. फी आम्हाला जड जाईल, आंब्याची थोडी कलमं आहेत त्यावरच सगळं. सासूबाई म्हणतात दारातला समुद्र बघायला पैसे कशाला भरायचे. पटतं पण, आणि नाही पण, कारण दारात असून मी शाळेत त्याबद्दल काहीच शिकले नाही. कोणाला अनुभव?

सातवीतल्याचा बाबा
ताई, माझा मुलगा अशाच एका शाळेत आहे, सिंधुदुर्गात. एकच सांगतो. गेल्या वर्षी त्याच्या वहीत तीन रकाने दिसले: तिथी, हिशोबाने भरती, खरी भरती. पानं खाऱ्या पाण्याने फुगलेली, एका कोपऱ्यात वाळू चिकटलेली. आपल्याकडचे मासेमारी करणारे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात ना, चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाला, ते सरांनी त्यांना जेटीवरच्या एका आजोबांकडून शिकायला लावलं आणि मग महिनाभर काठी रोवून तपासायला लावलं. वेळा थोड्या चुकायच्या, का चुकतात ते वर्गात काढलं: भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते आणि हिशोबातला पाऊण तास म्हणजे 45. माझ्या वडिलांना पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ आहे, त्या दिवशी आजोबा-नातू दोघं रात्री दहापर्यंत त्या वहीवर बसले होते. मला तरी फी तिथे वसूल झाली असं वाटलं.

निवृत्त बाई, राजापूर
वरचा अनुभव वाचून फार बरं वाटलं. पण सगळीकडे असं नसतं हो. मी जिथे शेवटची काही वर्षं होते तिथे आउटडोअर म्हणजे बाहेरून माणसं बोलवायची, दोरावरून लोंबकळायचं, फोटो काढायचे, आणि विज्ञानाच्या बाई बसमध्ये बसून पेपर तपासायच्या. मुलांनी काय पाहिलं ते वर्गात कधी आलंच नाही. मला त्याचं आजही वाईट वाटतं, कारण कशेळीच्या सड्यावर एवढा मोठा हत्ती दगडात कोरलेला, आपली कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, आणि मुलं त्या बाजूला जाऊन फक्त डबा खाऊन परत यायची. म्हणून माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि सहावी-सातवीच्या मुलांच्या वह्या दाखवा म्हणा. सोबत कोणते शिक्षक जातात ते विचारा. आणि जून ते सप्टेंबर काय करतात ते नक्की विचारा, आपल्याकडे पावसाचे चार महिने बाहेरचं बंद ठेवलं तर राहिलं काय? खेकडे, सड्यावरची फुलं, भाताची लावणी सगळं तेव्हाच तर असतं.

लांजेकर
फीचं बघा, 2011 च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला विचारून फी ठरते आणि ठरलेली दोन वर्षं राहते. त्यामुळे बस, सहली, बूट हे त्यात धरलंय की वेगळं ते लेखी घ्या. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्के जागा पहिलीला किंवा त्याआधी असतात, पाचवीला उपयोग नाही. आणि कातळावर दगडाखाली लाल विंचू असतात, तेव्हा बंद बूट सक्तीचे आहेत का, जवळच्या आरोग्य केंद्रात किती वेळात पोचवतात, गाडी थांबलेली असते का, हे विचारायला लाजू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांमुळे विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार आपल्याला मिळाला, पण मूल वेळेत पोचायला हवं.

खाडीकाठची आई
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी आम्ही दोघं जातोय, सासूबाईंनापण नेतेय. त्यांना पाऊणकी येते, वह्या त्याच बघतील.