राज्यपक्ष्याच्या फलकावर शास्त्रीय नाव कुठलं घालायचं?

सत्तरीची_वाट:
शाळेतल्या निसर्ग-कोपऱ्यासाठी गोव्याच्या राज्यपक्ष्याचा, म्हणजे लाल गळ्याच्या पिवळ्या बुलबुलाचा फलक करायचाय. जुन्या पुस्तकात 'पिक्नोनोटस मेलॅनिक्टेरस गुलारिस', दुसऱ्यात 'पिक्नोनोटस गुलारिस', मोबाइलवर 'रुबिगुला गुलारिस'. हे तीन वेगळे पक्षी का? आणि 'गूल्ड, 1836' कुठे कंसात, कुठे बिनकंसाचं. खरं कुठलं?

काळी_टोपी:
पक्षी एकच. पूर्वी श्रीलंकेपासून बोर्निओपर्यंतचे काळ्या डोक्याचे पिवळे बुलबुल एकाच जातीत कोंबले होते आणि सह्याद्रीतला आपला तिची उपजाती धरला जायचा. म्हणून तीन शब्दी नाव. पण आपल्याला तुरा नाही, गळा माणकासारखा लाल, डोळा पांढुरका. श्रीलंकेतल्याचा गळा पिवळा, तर आग्नेय आशियातल्या काळ्या गळ्याच्याला ठसठशीत तुरा. 2005 नंतर हे हळूहळू स्वतंत्र जाती मानले गेले.

पहिला शब्द बदलला तो डीएनएमुळे. पिक्नोनोटस हा वंश (जवळच्या जातींचा गट, नावातला पहिला शब्द) म्हणजे भरताड झाला होता. त्यातले सगळे एकमेकांचे सख्खे नव्हते. मग ब्लाइथ या पक्षीशास्त्रज्ञाने 1845 मध्ये दिलेला रुबिगुला हा वंश पुन्हा वापरात आला. लालबुड्या आणि शिपाई बुलबुल मात्र पिक्नोनोटसमध्येच आहेत. फलकावर रुबिगुला गुलारिस घाला. (दोन्ही शब्दांत 'गळा' आहे, गंमतच!)

लेबलवाला:
कंसाचा नियम सोपा आहे. गूल्ड या पक्षीशास्त्रज्ञाने या जातीचं पहिलं वर्णन केलं तेव्हा वंश ब्रॅकिपस होता. आज वंश वेगळा, म्हणून नाव आणि साल दोन्ही कंसात: (गूल्ड, 1836). मूळ वंश कायम असता तर कंस नको. कंस शोभेचा नाही. 'जात इथे नंतर आणलीय' एवढंच तो सांगतो.

रोमन लिपीत छापताना दोन्ही शब्द तिरपे, मोठं अक्षर फक्त पहिल्या शब्दाचं. गूल्डचं नाव आणि साल सरळ टाइपात. हाताने लिहिलं तर दोन्ही शब्दांखाली रेघ. डीटीपीवाला सगळी ओळ मोठ्या अक्षरांत टाकतो, प्रूफ बघितल्याशिवाय छापायला देऊ नका.

सत्तरीची_वाट:
मग श्रीलंकेतल्याचंही नुसता पहिला शब्द बदलून चालेल?

काळी_टोपी:
नाही, तिथेच फसतात. पिक्नोनोटस पुल्लिंगी, रुबिगुला स्त्रीलिंगी. विशेषण असलेलं जातिनाम (दुसरा शब्द) वंशाच्या लिंगाप्रमाणे बदलतं: मेलॅनिक्टेरसचं मेलॅनिक्टेरा होतं. गुलारिस दोन्ही लिंगांत तसंच राहतं, म्हणून तुमचं काम सोपं.

मोले_नाका:
एक राहिलं. इंग्रजी नाव 'रूबी-थ्रोटेड' घालू नका. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत आणि राज्यपक्ष्याच्या याद्यांत ते याच पक्ष्याचं आहे, पण आता ते सुमात्रा-जावा-बालीच्या रुबिगुला डिस्पारला देतात. त्या नावाने नेटवर फोटो शोधलात तर तुरेवाला लाल गळ्याचा पक्षी हाती येईल आणि फलकावर परदेशी बुलबुल बसेल. 'फ्लेम-थ्रोटेड' लिहा. फोटो निवडताना दोनच गोष्टी बघा, तुरा नसावा आणि डोळा पांढुरका असावा.

खाली बारीक अक्षरांत नाव पक्ष्यांच्या कुठल्या यादीतून घेतलं, ती कुठल्या वर्षाची, तेही टाका. फलक जुना झाल्यावर निदान नाव कुठून घेतलं ते कळेल.