जार्डिन 'हौशी' क्रिकेटर होता म्हणजे नेमकं काय?

थर्डमॅन_ठाणेकर:
काल रात्री बॉडीलाइनवरचं (१९३२-३३ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात इंग्लंडने मुद्दाम बॅट्समनच्या अंगावर टाकलेली ती बॉलिंग) काहीतरी बघत बसलो होतो, त्यात सारखं इंग्लंडचा कॅप्टन जार्डिन अमॅच्युअर आणि फास्ट बॉलर लारवूड प्रोफेशनल असं चाललेलं. दोघं एकाच टीमकडून खेळतायत, मग एक हौशी कसा काय? हौशी म्हटलं की मला तरी गणपतीतलं नाटकच आठवतं. याच्या नावावर फर्स्ट क्लासमध्ये १४ हजारांवर रन आणि ३५ सेंच्युऱ्या आहेत, मग टेस्ट २२च का? बॉडीलाइनमुळे हाकलला का त्याला?

लेगकटर:
हौशी म्हणजे खेळायचे पैसे घेत नाही तो, बस. खेळ कच्चा असा अर्थ नाही. जार्डिन विंचेस्टर, मग ऑक्सफर्ड, मग सरे काउंटी, आणि पोटापाण्यासाठी १९२६ मध्ये सॉलिसिटर झालेला. आता पगार नाही म्हटल्यावर नोकरी आधी, त्यामुळे काउंटीचा अख्खा सीझन खेळायला मिळेलच असं नाही. १९२७ चं बघा, १००२ रन, ॲव्हरेज ९१.०९, म्हणजे हिशोब केला तर गडी अख्ख्या सीझनमध्ये ११ वेळाच आऊट झालाय! पुढच्या वर्षी परत ८७.१५. आणि एवढं असून १९३० मध्ये कामामुळे फार थोड्या मॅच, ब्रॅडमनने ९७४ रन कुटले त्या सिरीजमध्ये हा नव्हताच. आपण म्हणतो ना हौसेला मोल नाही, तिकडे शब्दशः तसंच होतं.

हाकलला वगैरे नाही. नंतर १९३३ला वेस्ट इंडीजविरुद्ध तोच कॅप्टन, मँचेस्टरला १२७ केले, त्याची टेस्टमधली एकुलती एक सेंच्युरी. मग १९३४च्या मार्चमध्ये त्यानेच सांगून टाकलं की ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळायची इच्छा नाही.

चहा_आणि_चौकार:
हे हौशी प्रकरण एवढं साधंसरळ नव्हतं हो. कागदावर पगार नाही पण 'खर्च' मिळायचा आणि तो किती दाखवायचा यात बरीच गंमत चालायची. डब्ल्यू. जी. ग्रेस जन्मभर हौशी, आणि कमाई भल्याभल्या प्रोफेशनलपेक्षा जास्त! ट्रेव्हर बेलीला एसेक्सने सेक्रेटरी म्हणून पगारावर ठेवला, मैदानात मात्र हौशी. शिवाय ड्रेसिंग रूम वेगळी, बऱ्याच ग्राउंडवर आत यायचं गेटही वेगळं, स्कोअरकार्डवर हौशी माणसाची आद्याक्षरं नावाआधी आणि प्रोफेशनलची नावानंतर. लॉर्ड्सला १९५० मध्ये टिटमस या प्रोफेशनलचं नाव कार्डवर चुकून उलट छापलं गेलं तर भोंग्यावरून दुरुस्ती सांगितली होती! आपल्याकडचं पंक्तिप्रपंच प्रकरण बरं म्हणायची वेळ. १९६२ च्या शेवटी हा भेद काढून टाकला.

लेगकटर:
टिटमसचा किस्सा भारी. पण मला यात खरी टोचते ती लारवूडची गोष्ट. गबी ॲलन त्याच टीममध्ये, तोही हौशी, त्याने तोंडावर सांगितलं की मी असली बॉलिंग टाकणार नाही, तरी पाचही टेस्ट खेळला. लारवूड खाणीत काम केलेला पोरगा, कॅप्टनने सांगितलं ते केलं, ३३ विकेट काढल्या, आणि नंतर माफी मागायला सांगितली ती त्यालाच. त्याने नाही मागितली. परत टेस्ट नाही.

सिलीपॉइंट_गिरगाव:
थोडं अवांतर, जार्डिन आपल्या मलबार हिलवर जन्मलेला, २३ ऑक्टोबर १९००. वडील इकडे वकील होते. १९३३च्या डिसेंबरात बॉम्बे जिमखान्यावर भारतातली पहिली टेस्ट झाली, लाला अमरनाथचे ११८ वाली, तेव्हा इंग्लंडचा कॅप्टन हाच.

थर्डमॅन_ठाणेकर:
आयला, मलबार हिलचा निघाला! धन्यवाद सगळ्यांना. आता एक सांगा, पतौडी सिनियर पण त्याच दौऱ्यावर होता ना, सिडनीला पहिल्याच टेस्टमध्ये १०२ मारून दोन मॅचनंतर बाहेर, लेगसाइडला बॅट्समनजवळ लावलेल्या फील्डरांच्या त्या घोळक्यात उभं राहायला नाही म्हणाला म्हणून. मग तोही हौशीच, त्याला का नाही ॲलनसारखं सोडलं?

लेगकटर:
ॲलन त्या सिरीजमध्ये २१ विकेट काढत होता राव.