रि: फोटोतला मासा कोणता? (आजच सांगा)

पराग

मंडळी, फोटो जोडलाय. काल संध्याकाळी मेरीलँडच्या ईस्टर्न शोअरला गळाला लागला, दोन फुटांच्या आसपास. शेपूट गोल, पाठीवरचा पर लांबच लांब, दात भरपूर, शेपटीवर डागबिग काही नाही. रात्रीपासून बर्फात आहे. स्नेकहेड असेल तर आई आज करणार, नसेल तर घरात नको म्हणते. ज्यांना कळतं त्यांनी दुपारपर्यंत सांगा.

नानाकाका

अरे, यात विचारायचं काय? सरळ सरळ मरळ आहे. स्नेकहेड म्हणजे आपली मरळच की. बाहेर काढल्यावर किती वेळ जिवंत होता ते सांग. मरळ पाण्याबाहेर तासन् तास तग धरते. माझे मामा ओल्या पोत्यात गुंडाळून आणायचे आणि घरी आल्यावर ती पाटावरून उडी मारायची. बिनधास्त खा.

पराग

हो काका, बादलीत बराच वेळ वळवळत होता.

स्मिता

घाई करू नका. बोफिन नावाचा इथला मासासुद्धा हवेत श्वास घेतो, वायुकोशातून. त्यामुळे बादलीतल्या वळवळीवरून काहीच ठरत नाही. दोघांचीही शेपूट गोल, दोघांच्याही पाठीवर लांब पर. लोक नेहमी इथेच फसतात, आणि ओळख चुकली की बिचारा इथलाच मूळचा बोफिन, बाहेरून आलेला स्नेकहेड समजून मारला जातो. पराग, तुझ्या फोटोत पोट दिसतच नाहीये. खालून फोटो टाक.

अविनाश (खजिनदार)

बर्फात म्हणजे कुठल्या बर्फात? पिकनिकनंतर मंडळाचा निळा कूलर परागकडेच आहे. मागच्या वर्षी त्या कूलरचं काय झालं ते मी पुन्हा लिहीत नाही.

नानाकाका

स्मिता, त्याने डाग नाही असं स्पष्ट लिहिलंय. बोफिनच्या शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला काळा डाग असतो, भोवती पिवळट कडं. मी इथे आलो तेव्हापासून पाहतोय. 2002 साली क्रॉफ्टनच्या तळ्यात स्नेकहेड सापडले, सगळं तळं औषध घालून मारावं लागलं, तेव्हा तुमच्यापैकी निम्मे इथे नव्हते. दोन वर्षांनी ते पोटोमॅक नदीत निघाले. आता सगळीकडे तेच आहेत.

स्मिता

काका, तो डाग नराचा. मादीला तो पुसट असतो किंवा नसतोच. म्हणजे डाग दिसला तर बोफिन, पण नाही दिसला म्हणून स्नेकहेड असं म्हणता येत नाही.

पराग, मासा उताणा कर. पोटाखालचा मागचा पर बघ: बोफिनला आखूड असतो, स्नेकहेडला शेपटीकडे लांबवर गेलेला. पोटावरची परांची जोडी बोफिनला मध्यावर, स्नेकहेडला अगदी पुढे, कल्ल्यामागच्या परांखालीच. मग हनुवटीखाली बोट फिरव, जबड्याच्या दोन हाडांमध्ये सपाट टणक पट्टी लागते का ते. ती लागली की वाद संपला, स्नेकहेडला ती नसतेच. डोक्यावर खवले आहेत का तेही सांग.

अविनाश (खजिनदार)

कूलरचं उत्तर आलेलं नाही.

पराग

मागचा पर आखूड. जोडी मध्यावर. हनुवटीखाली पट्टी आहे, नखाने टकटक वाजते. डोकं गुळगुळीत. आणि आईने तोवर पोट चिरलंसुद्धा, आत गाबोळी निघाली.

(अविनाशदादा, हो, निळ्याच.)

मीनलवहिनी

गाबोळीला हात लावू नका!! इथल्या काही माशांची अंडी विषारी असतात. आमच्या शेजाऱ्यांनी बजावून सांगितलं होतं.

स्मिता

वहिनी, ते गार माशाचं. त्याची अंडी खरंच विषारी असतात, पण गारला चोचीसारखं लांब तोंड असतं, ते फोटोतही लपलं नसतं. बोफिनची गाबोळी तर कॅव्हिअर म्हणून विकतात.

तर हा बोफिन आहे, आणि मादी आहे, म्हणून डाग नव्हता.

पराग

मग खायचा की नाही?

स्मिता

विषारी नाही. पण दोन गोष्टी बघ. बोफिनचं मांस फार लवकर मऊ पडतं. लगेच साफ करून थंड केलं तर बरं असतं, तुझा रात्रभर आतड्यांसकट पडून होता. बोटाने दाबून बघ.

दुसरं म्हणजे पारा. हा मोठा मासेखाऊ मासा, आणि पारा मांसातच असतो. कातडी आणि चरबी काढली तर पीसीबी (कारखान्यांतली घातक रसायनं) कमी होतात, पारा नाही. शिजवूनही जात नाही. मेरीलँडच्या पर्यावरण खात्याची यादी असते, कुठल्या पाण्यातला कुठला मासा किती खावा याची. त्यात तुझी नदी शोध. नाव नसेल तर मोठ्यांनी एकदाच खावा आणि त्या आठवड्यात दुसरा मासा खाऊ नये, असा सरकारी सल्ला आहे. मला विचारशील तर तुझ्या बायकोला या दिवसांत मी तो वाढणार नाही.

मीनलवहिनी

अय्या! पराग, अभिनंदन! कधीची तारीख?

पराग

वहिनी, अजून कोणाला सांगितलं नव्हतं. स्मिता, धन्य आहेस.

दाबून पाहिला. बोट रुतलं, खड्डा भरून आला नाही. आई म्हणते टाक.

नानाकाका

अभिनंदन रे. पण खरी मरळ खायचीच असेल तर शनिवारी मी येतो, जागा मला माहीत आहे. ओलं पोतं माझ्याकडे आहे.

स्मिता

काका, पोतं नको! मेरीलँडमध्ये जिवंत स्नेकहेड बाळगायलाच बंदी आहे. पकडल्या जागीच मारा, लगेच साफ करा, बर्फात घाला. हनुवटी आधी तपासा.

अविनाश (खजिनदार)

शनिवारी तालीम आहे. नानाकाका, तुम्ही तबल्याला आहात.