'विर्गा रेगालिस': राजदंड की राजवंशाचा कोंब?

ऑस्ट्रियातल्या क्रेम्सम्युन्स्टरच्या मठात आठव्या शतकातला एक पेला जपून ठेवला आहे. तांब्याचा, वर सोन्याचा मुलामा, उंची सुमारे २५ सेंमी, वजन ३ किलोच्या आसपास. बव्हेरियाचा ड्यूक तिसरा तासिलो याने ७७७ मध्ये हा मठ स्थापला. पेल्याच्या बैठकीच्या कडेला लॅटिनमध्ये कोरलंय: 'तासिलो दुक्स फोर्तिस', 'लिउत्पिर्क विर्गा रेगालिस'. पहिलं सोपं आहे, 'पराक्रमी ड्यूक तासिलो'. अडतं ते दुसऱ्यापाशी.

लिउत्पिर्क तासिलोची बायको. 'विर्गा' म्हणजे काठी, छडी, त्यावरून राजाच्या हातातला दंडही. लॅटिन बायबलच्या स्तोत्रांत हा शब्द राजदंडासाठी आलेला आहे. त्यामुळे 'राजदंड' हे भाषांतर चूक म्हणता येत नाही, पण इथे ते मला पटत नाही. ड्यूकच्या बायकोला राजदंड म्हणून काय सांगायचं? 'विर्गा'चा दुसरा अर्थ कोवळी फांदी, धुमारा. यशयाच्या ग्रंथात इशायाच्या, म्हणजे दावीद राजाच्या बापाच्या, मुळातून फुटणारा कोंब लॅटिनमध्ये 'विर्गा'च आहे. आणि लिउत्पिर्क इटलीतल्या लोम्बार्ड लोकांचा राजा देसिदेरिउस याची लेक. तासिलो ड्यूक, ती राजकन्या! नवऱ्याच्या नावापुढे पराक्रम, तिच्या नावापुढे कुळ. म्हणून मी 'राजवंशाचा कोंब' म्हणेन. 'वंश' या शब्दाचा एक अर्थ बांबू, हे ठाऊक असणाऱ्याला तर हा कोंब लगेच दिसेल.

आता 'चॅलिस'ला, म्हणजे ख्रिस्ती उपासनेतल्या द्राक्षारसाच्या अशा पेल्याला, काय म्हणायचं? 'चषक' संस्कृतात मद्याचा पेलाच, पण आज चषक म्हटलं की क्रिकेट आठवतं. मराठी बायबलमध्ये प्रभुभोजनाच्या प्रसंगी 'प्याला' आहे, तोच घ्यावा. नुसतं भांडं सांगायचं असेल तेव्हा 'पेला' चालेल, वर मी तसंच केलंय. पेल्यावर ख्रिस्त आणि चार शुभवर्तमानकार (बायबलमध्ये येशूचं चरित्र सांगणारे) चांदीच्या पत्र्यांवर कोरून रेघांत काळा नील्लो भरलाय. नील्लो म्हणजे चांदी, तांबं, शिसं आणि गंधक यांचं मिश्रण. त्याला 'मीनाकाम' म्हणू नका. मीना काचेचा असतो.

फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याने ७७४ मध्ये देसिदेरिउसचं राज्य घेतलं आणि ७८८ मध्ये तासिलोलाही पदच्युत करून मठात धाडलं. पेल्यावरची दोन्ही नावं मात्र अजून वाचता येतात.