कोची-मुझिरिस बिनाले: दर वेळी क्युरेटर नवा, मग महोत्सवाची स्वतःची दृष्टी कोणती?

कुंचला
नमस्कार. मी शाळेत चित्रकला शिकवते. फेब्रुवारी २०२३ मध्ये फोर्ट कोचीला जाऊन बिनाले (दर दोन वर्षांनी भरणारा कला-महोत्सव) पाहून आले. त्या वेळी शुबिगी राव क्युरेटर, म्हणजे कलावंत आणि कामं निवडणाऱ्या, होत्या. कामं आवडली, काही तर अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत. पण आधीच्या आवृत्त्यांबद्दल वाचलं आणि गोंधळले. २०१४ला जितीश कल्लाट, २०१६ला सुदर्शन शेट्टी, २०१८ला अनिता दुबे. प्रत्येकाचा विषय निराळा. या सगळ्यांना बांधणारं काही आहे का? नववीच्या मुलांना समजावून सांगायचंय.

गलबत
ताई, आहे. पण ते भिंतीवरच्या निवेदनात शोधू नका, महोत्सवाच्या नावात शोधा. मुझिरिस हे मिऱ्याच्या व्यापाराचं प्राचीन बंदर, रोमची जहाजं तिथे सोनं घेऊन यायची. १३४१च्या पेरियार नदीच्या पुरानंतर तिकडचा व्यापार संपला आणि कोचीचं बंदर पुढे आलं, असं मानतात. बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू या कलावंतांनी १२ डिसेंबर २०१२ला पहिली बिनाले उघडली, ती त्या बुडालेल्या बंदराचं नाव जोडून. बाहेरच्या जगाशी हजारो वर्षं देवघेव केलेलं गाव पुन्हा जगाला बोलावतंय, हा त्यातला विचार. व्हेनिसच्या बिनालेत देशोदेशीची वेगळी दालनं असतात, इथे तशी नाहीत. आणि क्युरेटर दर वेळी स्वतः कलावंत असतो. माझ्या मते खरी दृष्टी ही: एकाच बंदराकडे दर वेळी दुसऱ्या कलावंताने पाहायचं.

कल्लाटांनी वास्को द गामाचा काळ आणि केरळातल्या गणितज्ञांची परंपरा शेजारी ठेवली. त्याच आवृत्तीत ऍस्पिनवॉल हाऊसच्या, म्हणजे बिनाले भरते त्या पाण्याकाठच्या जुन्या गोदामांच्या, जमिनीत अनीश कपूर यांचा काळ्या पाण्याचा भोवरा गरगरत होता आणि बाहेर खरं पाणी.

मला मात्र सांगायचंय ते २०१६चं. चिलीचे कवी राऊल झुरिता यांनी एक लांबलचक दालन पाण्याने भरलं होतं. चपला काढायच्या, पँट दुमडायची आणि पाण्यातून चालायचं. भिंतींवर कवितेच्या ओळी. पाण्यात भरभर चालताच येत नाही, त्यामुळे प्रत्येक ओळ वाचावीच लागते. पलीकडच्या टोकाला कळलं, की हे गालिप कुर्दीसाठी आहे. आयलान कुर्दी या सीरियन निर्वासित चिमुरड्याचा किनाऱ्यावरचा फोटो जगाने पाहिला. त्याचा पाच वर्षांचा भाऊही त्याच समुद्रात बुडाला, त्याचा फोटो नाही. मग वळायचं आणि त्याच पाण्यातून परत यायचं. मी बराच वेळ बाहेर पायरीवर बसून होतो. पँट वाळली तेव्हा काठाला मिठाची पांढरी रेघ उमटली होती. समोरून जहाज चाललं होतं. हे काम दिल्लीच्या एखाद्या दालनात असतं तर मला असं भिडलं नसतं, एवढं नक्की.

जुनी_वही
गलबत यांच्याशी सहमत. भर म्हणून: पहिल्या आवृत्तीत विवान सुंदरम यांनी केरळातल्या पट्टणम गावच्या उत्खननातल्या खापरांच्या तुकड्यांचंच मांडणशिल्प केलं होतं. मुझिरिस तिथेच असावं, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. मुलांना तिथून सुरुवात करून द्या, फुटकं खापर त्यांना लगेच कळतं. आणि हेही सांगा, की बोस, कोमू, कल्लाट, शेट्टी हे चौघेही आपल्या मुंबईच्या जे. जे.मधून शिकून गेले.

पण एक मुद्दा राहिला. शेट्टींनी २०१६ला कवी, नर्तक, गवय्ये यांनाही चित्रकारांच्या बरोबरीने बोलावलं. बंदरापेक्षा मला तो निर्णय जास्त मोलाचा वाटतो. चित्र बघायची सवय नसलेला माणूस आवाजाच्या ओढीने आत येतो.

गलबत
मान्य. झुरिताही कवीच, हे मी लिहून गेलो आणि माझ्याच लक्षात आलं नाही.

कुंचला
दोघांचे मनापासून आभार. सोमवारी वर्गात खापराचे तुकडे नेते. प्रत्येकाला एकेक देईन आणि हे भांडं कुठून आलं असेल ते काढायला सांगेन. कोचीचं नाव तासाच्या शेवटी घेईन. आणि गलबत, पुढच्या खेपेला मुलांना न्यायचं ठरलं तर एर्नाकुलमहून रस्त्याने जावं की बोटीने?

गलबत
बोटीनेच. पाण्यावरून येताना ती गोदामं आधी दिसू देत.