हिरांच्या जुड्या आणि पंचवीस
'पंचवीस' सांगितले की मुले 52 लिहितात, त्यावर उपाय म्हणून अंक रोज गिरवून घ्यावेत, असे एका पालकांनी सुचवले आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. मराठीत एकक आधी आणि दशक नंतर उच्चारला जात असल्यामुळे, ऐकेल तसे लिहिणारे मूल चुकते, हे आधी समजून घेतले पाहिजे. आपल्या गोव्यात माडाचे हीर, म्हणजे झावळीच्या पात्यांमधल्या काड्या, सहज मिळतात. दहा-दहांच्या जुड्या मुलांनीच सुंभाने बांधाव्यात आणि सुटे हीर उजवीकडे ठेवावेत. (हिरांऐवजी मोजायला काजूच्या कच्च्या बिया मात्र देऊ नयेत, सालीतील तेलाने कातडी भाजते.) दुसरीतल्या माझ्या मुलीने दोन जुड्या आणि पाच हीर मांडले, क्षणभर पाहिले आणि वहीतले 52 स्वतःच खोडले. एकोणतीस म्हणजे एक कमी तीस, म्हणून त्यासाठी तीन जुड्या मांडून तिसऱ्या जुडीचे सुंभ सोडवायला आणि तिच्यातला एक हीर काढायला सांगावा.