दाट, लहरी केसांना लेयर्स: पार्लरमध्ये नेमकं काय सांगू?

केस खांद्याखाली दोन इंच, दाट, लहरी. दमट हवेत फुगतात. लेयर्स, म्हणजे कमी-जास्त लांबीचे थर, कुठून सुरू करायला सांगू?

उत्तर १
सगळ्यात आखूड लेयर हनुवटीच्या खालीच ठेवा. लहरी केस वाळले की इंचभर वर चढतात, त्यामुळे ओले कापताना तेवढी लांबी जास्त सोडायला सांगा. वरचे लेयर्स फार आखूड झाले तर वजन जातं आणि डोक्यावर छत्री उघडते! रेझर नको, कात्रीच. रेझरने टोकं पिंजतात. थिनिंगची, म्हणजे केस विरळ करायची दातेरी कात्री मुळाजवळ तर अजिबात नको. आखूड केस उभे राहून वरच्यांना ढकलतात.

उत्तर २
केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात, म्हणून ८-१० आठवड्यांनी ट्रिम. धुतल्यावर टॉवेलने खसाखसा पुसू नका, जुन्या सुती टी-शर्टने टिपा. मग वाटाण्याएवढं लीव्ह-इन (न धुता तसंच ठेवायचं) कंडिशनर मध्यापासून टोकांपर्यंत. वाळल्यावर कंगवा फिरवला की लहरी मोडून पिंजारतात.

उत्तर ३
रोज वेणी किंवा अंबाडा घालत असाल तर पुढचे लेयर्स सुटणारच. ते कानामागे पोचतील एवढे ठेवा.

प्रश्नकर्ती
वेणी रोजच असते. मग हनुवटीच्या दोन इंच खालून सांगते.